डबी न घेता

चष्म्याच्या दुकानात उभा जन्म काढलेल्या त्या गृहस्थांना चर्चमधली माणसं पाठीमागे ‘मौनीबाबा’ म्हणत. पाठीमागे म्हणत खरी, पण आवाज असा लावून की पुढच्या बाकापर्यंत जावा. मौनीबाबांना ते ऐकू येई आणि राग मात्र येत नसे. उलट थोडं बरंच वाटे. नावं ठेवायला का होईना, कोणीतरी आपल्याकडे बघतंय एवढं तरी त्यातून कळे.

नाव पडलं ते त्यांच्या रविवारच्या कामामुळे. चर्चमधली मिस्साची उपासना संपली की फादर त्यांच्या हातात पवित्र भाकरीची छोटी गोल डबी देत. आजारपणामुळे चर्चपर्यंत येऊ न शकणाऱ्या माणसांना घरी जाऊन कम्युनियन, म्हणजे ही भाकर, द्यायचं, हे ते काम. डबी कापडी पिशवीत घालून गळ्यात अडकवायची, शर्टाच्या आत छातीशी ठेवायची आणि सरळ निघायचं. त्या भाकरीत साक्षात प्रभू असतो ही श्रद्धा; तो छातीशी असताना रस्त्यात चकाट्या पिटत उभं राहायचं नाही, असा नियम. मौनीबाबांनी तो असा काही पाळला की अति तिथे माती म्हणावं. कोणी "काय, बरं आहे ना?" विचारलं तर नुसती मान हलवत. एकदा चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या बाई जिन्यात पाय मुरगळून बसल्या होत्या. यांनी हात देऊन त्यांना उठवलं, कठड्याला टेकवून उभं केलं आणि एक अक्षर न बोलता निघून गेले. बाई अजून सांगतात, "देवदूत येऊन गेला की भूत, माझं मलाच कळेना."

हसणारे हसोत. मौनीबाबांचा विश्वास दाखवण्याचा नव्हता. डबी छातीशी आली की ते चालण्याची पद्धतसुद्धा बदलत, पायरी जपून उतरत, खोकला आला तर दाबून धरत. आणि ते मनातल्या मनात बोलत. गुडघा दुखतोय, मुलीचा फोन आला नाही, वरच्या मजल्यावरचा नळ गळतोय, असलं सगळं प्रभूला सांगत चालत. आठवड्यातला तेवढाच वेळ असा होता की त्यांना एकटं वाटत नसे.

दुसरंही एक कारण होतं, पण ते त्यांनी स्वतःलासुद्धा कधी नीट सांगितलं नव्हतं. मिस्सा सुटली की आवारात घोळके जमतात. बायको होती तोवर बोलण्याचं खातं तिच्याकडे होतं. हे शेजारी उभे राहून हसायच्या जागी हसत. ती गेल्यावर कुठल्या घोळक्यात उभं राहायचं तेच त्यांना कळेना. दुकानात चाळीसेक वर्षं त्यांनी माणसांच्या डोळ्यांत डोळे घालून पाहिलं, पण बोलणं एकच: "हे स्पष्ट दिसतंय, की हे?" एवढ्या भांडवलावर गप्पा होत नाहीत. डबी हातात आल्यापासून तो प्रश्नच मिटला. घोळक्यांच्या मधून मान खाली घालून जायला आता सबळ कारण होतं.

त्यांच्या वाटेवर शेवटचं घर टेलिफोनवाल्या बाईंचं. बाईंनी टेलिफोन कचेरीत नोकरी केली, लग्न केलं नाही, आणि म्हातारपणी खुब्याचं हाड मोडून तिसऱ्या मजल्यावर अडकून पडल्या. चालायचं ते चार पायांची काठी पुढे सरकवत, पलंगापासून मोरीपर्यंत. सोमवार ते शनिवार एक मुलगी येऊन जेवणखाण बघून जाई, रविवारी तिला सुट्टी. रविवारी बाई दाराची कडी काढून ठेवत. मौनीबाबा दार ढकलून आत येत, स्टुलावर पांढरा रुमाल अंथरत, मेणबत्ती लावत, प्रार्थना म्हणत. मग पवित्र भाकर समोर धरून म्हणत, "ख्रिस्ताचं शरीर." बाई म्हणत, "आमेन." भाकर जिभेवर ठेवली की क्षणभर मान खाली. मग मेणबत्ती विझवायची, रुमालाची घडी करायची, दार ओढून घ्यायचं. रिकामी झालेली डबीसुद्धा आधी चर्चमध्ये नेऊन पुसायची असते, म्हणून परतीच्या वाटेवरही तोंडाला कुलूप. चार वर्षं हे असं चाललं.

एका रविवारी मौनीबाबा म्हणाले, "ख्रिस्ताचं शरीर," आणि बाई काहीच बोलल्या नाहीत.

मौनीबाबांना वाटलं, ऐकू आलं नसेल. ते पुन्हा म्हणाले. बाईंनी ओठ मिटून घेतले आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

"मला नको."

मौनीबाबांचा हात तसाच हवेत राहिला. "मळमळतंय का?"

"तब्येतीला काही झालेलं नाही. माझा विश्वास नाही यावर. बरीच वर्षं झाली. आज पुन्हा खोटं बोलायचा कंटाळा आला."

मौनीबाबांनी पवित्र भाकर परत डबीत ठेवली. चष्म्याच्या दांडीतला बारीक स्क्रू ज्या बोटांनी डोळे मिटून बसवला असता, त्या बोटांना डबीचं झाकण लागेना.

"मग दर रविवारी आमेन म्हणत होतात ते?"

"म्हटलं नसतं तर तुम्ही आला असता?"

मौनीबाबांनी फुंकर मारून मेणबत्ती विझवली. रुमालाची घडी वाकडीच झाली. दाराशी पोचेपर्यंत बाई मागून म्हणाल्या, "जन्मभर मी लोकांचे फोन जोडून दिले. जोडून द्यायचं आणि आपण बाजूला व्हायचं. मधे तोंड घालायची परवानगी नव्हती. तुमचंही तसंच दिसतंय." मौनीबाबांनी दार ओढून घेतलं.

ते तडक चर्चला परत आले तेव्हा फादर नाश्ता करत होते. फादर वयाने मौनीबाबांच्या मुलीएवढे. त्यांनी ताट बाजूला सारलं, हात धुतले, भाकर पवित्र मंजुषेत परत ठेवली आणि मग विचारलं, "काका, झालं काय?"

मौनीबाबांनी सांगितलं. सांगता सांगता त्यांचा आवाज चढला. "फसवलं हो मला! मी कोणाला घेऊन जात होतो आणि त्या बाईने केलं काय? माझ्या हातून केवढा अपमान झाला प्रभूचा!"

फादरांनी सगळं ऐकून घेतलं. "त्यांना कम्युनियन न्यायचं नाही, हे तर उघडच आहे. त्यांनी मागितलं तर पुढचं पुढे बघू. पण काका, चार वर्षं जाताय. त्या एकट्याच असतात का? जवळचं कोणी आहे त्यांना?"

"ठाऊक नाही."

"बोलत काय होतात मग तिथे?"

"बोलायचं नसतं ना. नियम आहे."

"कोणी सांगितला?"

"आधीच्या फादरांनी."

"त्यांनी रस्त्यात बोलू नका म्हणून सांगितलं असेल. आजाऱ्याच्या घरातही बोलू नका म्हणाले?"

आधीचे फादर काय म्हणाले होते ते मौनीबाबांना आता शब्दन् शब्द आठवलं. घाई करू नका, बसा, विचारपूस करा, असंच म्हणाले होते ते. नियमातला सोयीचा अर्धा भाग यांनी ठेवला होता आणि अवघड तेवढा विसरले होते.

"पुढच्या रविवारी जा तुम्ही," फादर म्हणाले.

"रिकाम्या हाताने? आणि करू काय तिथे?"

"बसा."

सांगायला काय जातं! मौनीबाबा घरी आले ते धुमसतच. सोमवारपर्यंत बाईंवरचा राग टिकला, फादरांवरचा मंगळवारपर्यंत. मग राग धरायला तिसरं माणूस उरलं नाही आणि घर फार शांत झालं. एका माणसाचा स्वयंपाक, एक ताट, एक पेला. धुवायला घेतलं की संपलंच. मुलीचा फोन आला.

"बाबा, जेवलात?"

"जेवलो."

"गोळ्या घेतल्या?"

"घेतल्या."

"बाकी काय?"

"बाकी काही नाही."

"ठीक आहे मग, ठेवते."

फोन खाली ठेवला आणि मौनीबाबांच्या मनात आलं, ही पोरगी आपल्याशी चार वाक्यं बोलते आणि आपण तिला तीनच परत देतो. तिने तरी काय करावं?

त्या आठवड्यात त्यांच्या डोळ्यांपुढे बाईंची खोली पुन्हा पुन्हा येई. खोली त्यांनी दर रविवारी पाहिली होती, पण पाहणं वेगळं आणि दिसणं वेगळं. पलंगाजवळ एक खुर्ची असे. तिच्यावरचे कपडे उचलून पायथ्याशी ठेवलेले असत, म्हणजे खुर्ची मुद्दाम मोकळी केलेली. उशाशी थर्मास असे आणि त्याच्या शेजारी दोन कप उपडे घातलेले. एकटं राहणाऱ्या बाईला दोन कप कशाला लागतात? धरून धरून उभं राहणारी ती म्हातारी दर शनिवारी खुर्ची रिकामी करत असणार, आणि दर रविवारी हे भले गृहस्थ स्टुलावरचा रुमाल उचलून चालते होत. मौनीबाबांना इतकी लाज वाटली की खोलीत कोणी नसूनही त्यांनी तोंडावर हात घेतला.

रात्रीच्या प्रार्थनेला बसले तर शब्द सुचेना. "प्रभू, तुझा अपमान झाला म्हणून मी चिडलो," ते शेवटी म्हणाले, "पण ती एकटी होती हे मला कळलंच नाही. आणि डबी नसली की मला तिथे जायची भीती वाटते." एवढंच बोलून ते बराच वेळ गुडघ्यांवर बसून राहिले. उत्तर आलं नाही. गुडघा तेवढा दुखला.

रविवारी मिस्सा झाली. आधीच्या घरांना कम्युनियन देऊन मौनीबाबा परत आले, डबी पुसून फादरांच्या हवाली केली आणि आवारात आले. अजून घोळके होतेच. छातीशी काही नव्हतं. शर्टाची बटणं उगाच चाचपत ते उभे राहिले. ऑर्गनवाल्या बाई म्हणाल्या, "आज लवकर सुटका झाली वाटतं?" मौनीबाबांनी सवयीने मान हलवली. मग लक्षात आलं की आज बोललं तर चालतं. तोंड उघडेपर्यंत बाई दुसऱ्या कोणाकडे वळल्या होत्या.

ते टेलिफोनवाल्या बाईंच्या इमारतीशी आले. वाटेत मनातलं बोलणं जमेना. छाती रिकामी असली की कोणाशी बोलायचं? प्रभू सगळीकडे असतो, हे त्यांना लहानपणापासून पाठ होतं. तरी वाट एकट्याचीच वाटली, आणि प्रत्येक मजल्यावर परत फिरायची एक एक सबब सुचत गेली. बाई झोपल्या असतील. त्यांना नको असेल. फादर तरुण आहेत, त्यांना काय कळतंय.

तिसऱ्या मजल्यावर त्यांनी दार ढकललं. उघडलं नाही. आतून कडी होती.

म्हणजे बाईंनी यांची आशा सोडली होती. मौनीबाबांना एकदम सुटल्यासारखं वाटलं आणि त्याच क्षणी त्या सुटण्याचा मनापासून राग आला. त्यांनी बेल दाबली.

बराच वेळ काही नाही. मग आत पलंग करकरला. काठी फरशीवर टेकल्याचा आवाज, मग पाय ओढल्याचा, मग पुन्हा काठी. मधेच सगळं थांबलं. दम खात असाव्यात. आपण त्या बाईला उठवून चालायला लावलं हे मनात येऊन मौनीबाबांना घाम फुटला, पण आता पळून जाणं त्याहून वाईट झालं असतं. काठी पुन्हा टेकली. दारामागे येऊन थांबली.

"कोण आहे?"

"मी."

"मी कोण?"

बाईंना आवाज ओळखता आला नाही. त्यांचा काय दोष? चार वर्षांत हा माणूस प्रार्थनेपलीकडे बोलला होता कधी?

"मी रविवारी येतो तो. चर्चमधून."

मग बाईंचा आवाज आला, दमलेला आणि कोरडा. "मला नको म्हटलं ना तुम्हाला."

"आणलेलं नाही. डबी ठेवून आलो."

"फादरांनी पाठवलं असेल, समजूत घालायला."

"जा म्हणाले होते ते. समजूत घाला म्हणाले नाहीत." मौनीबाबांनी घसा साफ केला. "मला घालताही येणार नाही."

"मग आलात कशाला?"

मौनीबाबांकडे बरीच उत्तरं होती. जिन्यात जुळवून ठेवलेली. तुमची विचारपूस करायला. आजाऱ्यांना भेटणं हे आपलं कर्तव्य आहे म्हणून. मागच्या वेळी न बोलता गेलो, त्याची क्षमा मागायला. सगळी चांगली होती आणि काही तर खरीही होती. त्यांनी कपाळ दाराला टेकवलं.

"घरी कोणी नाही," ते म्हणाले. "माझ्या."

दारापलीकडे काठी भिंतीला टेकवून ठेवल्याचा आवाज आला आणि कडी हलू लागली. कडी वरच्या अंगाला होती, बाईंचा हात तिथवर नीट पुरत नव्हता. एकदा निसटली, दोनदा निसटली.

"सावकाश," मौनीबाबा दाराला तोंड लावून म्हणाले. "मला घाई नाही."