वाचनालयातला संगणक आणि लाल नकाशा

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. वाचनालयात खिडकीजवळ बसतो. मला चालू व्हायला एवढा वेळ लागतो, की लोक तेवढ्यात दोन जांभया देऊन घेतात.

नवा होतो तेव्हा माझं काय कौतुक! ग्रंथपालकाका रोज मऊ फडक्याने माझा पडदा पुसायचे. लोक औषधं शोधायचे, पोरांचे निकाल बघायचे. मग हळूच मागे वळून, कोणी बघत नाही ना याची खात्री करून, भलतंच टाइप करायचे. काळ्या माणसांवरचे विनोद, बाहेरच्यांना हाकलण्याच्या युक्त्या. तोंडावर मात्र सगळे गोड.

एकदा एक संशोधक बाई आल्या. कुठल्या भागातले लोक असं किती शोधतात, याचा नकाशा त्यांनी केला होता. जितकं जास्त, तितका रंग लाल. आमचा भाग लालभडक होता.

"छे हो बाई! आमच्याकडे असलं काही नाही," म्हणत काकांनी तो नकाशा खणात टाकला. मला सगळं ठाऊक होतं, पण मला विचारतंय कोण?

पुढे दवाखान्यात दूरच्या मुलखातली एक काळी नर्स आली. तिला खोली मिळेना. "अगंबाई, कालच गेली हो!" हेच प्रत्येक दारात. महिनाअखेर खोली मिळाली नाही, तर नोकरी सोडून जावं लागणार होतं. काकांची माडीवरची खोली रिकामीच होती. तिथेही तेच उत्तर मिळालं.

तिची नऊ वर्षांची लेक रोज वाचनालयात यायची. काका तिला 'चिमणे' म्हणायचे, गोष्टींची पुस्तकं काढून द्यायचे. एके दिवशी आईसाठी खोली शोधायला ती माझ्यासमोर बसली. तिने टाइप केलं, 'काळ्या लोकांना'. आधी कुणी काय शोधलं, ते मी आपोआप खाली दाखवतो. मेली सवय! सगळी घाण तिच्यापुढे आली.

"काका, 'काळ्या लोकांना खोली कशी नाकारावी', हे कोणी लिहिलं?"

ते काकांनीच लिहिलं होतं. त्यांनी घाईघाईने माझी वायर उपटली. "लोक काहीबाही लिहितात गं, चिमणे."

तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि हातातलं पुस्तक टेबलावर ठेवलं. महिनाअखेर मायलेकी निघून गेल्या. त्या दिवशी काकांनी खणातून नकाशा काढला आणि बराच वेळ बघत बसले. मला फार वाईट वाटलं.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसलीत तर बरंच आहे. पण टाइप करण्याआधी मागे वळून बघता ना? नीट बघा. आपला नंबर कधी येतो याची वाट बघत तिथे एखादी चिमणी उभी असते.