जळवांचा अर्ज

लॉर्ना ट्वेटला जळवा आवडायच्या. आवडायच्या म्हणजे आवडायच्या, त्याला कोण काय करणार! कॉलेजमागच्या तळ्यातल्या जळवा ती अकरा वर्षं पाठीवरच्या ठिपक्यांवरून ओळखत होती. जळू फिरूनफिरून आपल्याच दगडाखाली येते का, एवढंच तिला सिद्ध करायचं होतं. पण सप्टेंबरात तळं बुजवून तिथे गाड्या लावायची जागा होणार होती. म्हणजे उरला हा एकच उन्हाळा, आणि त्यासाठी हवे होते कॉलेजच्या संशोधन निधीतले चोवीसशे डॉलर. नाही मिळाले, तर उन्हाळाभर नापासांचे वर्ग घ्यायचे आणि अकरा वर्षांवर पाणी सोडायचं.

निधीचे नियम दोन, आणि दोन्ही डीन स्ट्राउड यांच्या सुपीक डोक्यातले. अर्जाशी ज्याचा काडीचाही संबंध असेल, त्याने खोलीबाहेर जायचं. आणि अर्ज वाचल्यापासून दहा मिनिटांत खोलीतून विरोध आला नाही, तर तो मंजूर. मोठ्या विद्यापीठात ठीक आहे हो! इथे प्राध्यापक सगळे मिळून एकोणतीस. कोणाचा कोणाशी संबंध नाही?

समिती चौघांची, त्यातली एक लॉर्नाच. गुरुवारी दुपारी तिचा अर्ज वाचला गेला, तशी ती उठून बाहेरच्या बाकावर येऊन बसली. समितीतले चौथे, म्हणजे डीन, दुसऱ्या बैठकीत अडकले होते, तेवढंच नशीब.

मिनिटाभरात दार उघडलं आणि समितीतला रसायनशास्त्राचा प्राध्यापक, म्हणजे तिचा नवरा आर्विड, बाहेर आला.

"अरे, तू कशाला आलास?"

"नवरा आहे ना मी तुझा."

"आत बसून दोन शब्द बोलला असतास तर जीव गेला असता का?"

"नियम म्हणजे नियम," असं म्हणत त्याने बैठकीच्या ताटातला एक चेंगरलेला लेमन बार, म्हणजे लिंबाच्या केकची वडी, खिशातून काढून तिच्या हातावर ठेवला.

पाठोपाठ तत्त्वज्ञानवाला पेल्की. "जळवा होडीतून मोजणार असं लिहिलंयस तू. होडी अर्धी माझी आहे गं," तो हळहळला.

शेवटी टिपणवही घेऊन सेक्रेटरी व्हर्ना आली.

"तुझं काय आता?" लॉर्ना रडकुंडीला आली. "तुला तर मतही नाही!"

"सतरा नंबरच्या जळवेला माझं नाव दिलंयस की नाही?"

"अगं, प्रेमाने दिलं!"

"मग संबंध आलाच."

"आत आता आहे तरी कोण?" आर्विडने विचारलं.

"लेमन बारचं ताट," व्हर्ना घड्याळ बघत म्हणाली. "सहा मिनिटं झाली. विरोध नाही."

चौघांनी एकमेकांकडे बघितलं. आणि नेमके तेव्हाच कोपऱ्यावरून डीन स्ट्राउड वळले. तळं बुजवायची कल्पना त्यांचीच. तिथे आपल्या नावाची पाटी लावून गाडी उभी करायचं स्वप्न ते दोन वर्षं बघत होते.

"सर, माणसाला इच्छास्वातंत्र्य असतं का हो?" पेल्की आडवा आला.

"नसतं. बाजूला व्हा," म्हणून डीन आत गेले, ऐटीत खुर्चीत बसले आणि अर्जावर बोट ठेवलं. "या अर्जाला माझा..."

"डीनसाहेब," व्हर्ना उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "तळं बुजवायचं काम कोणाचं?"

"माझं. का?"

"मग तुमचाही संबंध आलाच की."

आपलेच दात, आपलेच ओठ! डीन माणूस हट्टी, पण नियमाला पक्का. त्यांनी ताटातला एक लेमन बार उचलला आणि मुकाट बाहेर येऊन उभे राहिले. पाचही जण रिकाम्या खोलीकडे बघत राहिले.

दहा मिनिटं झाली. व्हर्नाने लिहिलं, 'उपस्थित : कोणी नाही. विरोध : नाही. एकमताने मंजूर.' लॉर्नाला हसावं की रडावं कळेना. तिने दोन्ही केलं.

"त्या जळवांत माझ्या नावाची नाही ना एखादी?" डीननी चावता चावता विचारलं.

"आहे ना, नऊ नंबर," लॉर्ना डोळे पुसत म्हणाली. "तिच्या जागेवर दुसरी कोणी बसलेली तिला अजिबात खपत नाही."