मला आडवे ठेवून जा

मित्रांनो, मी एक जुने स्टूल आहे. सोळा वर्षे काचेच्या कपाटात काढली. बसण्यासाठी घडवलेल्या वस्तूवर इतकी वर्षे कोणी बसले नाही, तर आपण कशासाठी होतो याचीच आठवण पुसट होत जाते. ती पुरती जाण्याआधी सांगतो.

माझा जन्म घानामधल्या कुमासीजवळ, आह्विआ गावी झाला. तिथे घरोघरी लाकूड कोरतात. नसोवा नावाच्या कारागिराने सेसे झाडाच्या एका ओंडक्यातून मला काढले. कुठे खिळा नाही, जोड नाही. वर चंद्रकोरीसारखी खोलगट बैठक, खाली सपाट पाट आणि मध्ये एकमेकींवरून गेलेल्या दोन मगरी. त्यांची तोंडे दोन, पोट एकच. वाकस आणि पटाशीचे काम संपले, की नसोवाची बारा वर्षांची मुलगी अम्मा मला वाळूने आणि लिंबाने घासत असे. माझ्यावर पहिल्यांदा तीच बसली.

"डुगडुगतंय का?" नसोवाने विचारले.

"नाही, आग्या." वडिलांना ती आग्या म्हणे.

"मग ऊठ. आणि उठलीस की आडवं कर. किती वेळा सांगायचं?"

"पण का?"

"रिकामं स्टूल उभं दिसलं, की वाटेने चाललेला एखादा थकलेला जीव येऊन बसतो. मेलेल्या माणसांचेही पाय दुखतात, बाळ."

आमच्याकडे सगळेच असे करतात. उठणारा माणूस आपले स्टूल कुशीवर लवंडतो. जागा माझी आहे, मी परत येणार आहे, एवढे त्यात आले.

मला घडवले होते ते भेट देण्यासाठी. घाना आणि नामिबिया या दोन देशांच्या खासदारांनी मिळून एक मैत्री गट काढला होता. घानाच्या बाजूचे प्रमुख अदुसेई मला घेऊन नामिबियाच्या राजधानीत, विंडहूकला आले आणि तिथल्या प्रमुख हिल्मा नांगोंबे यांच्या दालनात मला ठेवले. पहिली तीन वर्षे माझी चैन होती. पाहुण्याने माझ्यावर बसायचे, यजमानाने साध्या खुर्चीवर, असा रिवाजच पडला. नामिबियाच्या समुद्रातली मासळी घानात लोक आवडीने खातात. ती नीट राहावी म्हणून दोघांनी पैसे घालून शीतगृह बांधायचे, असे चालले होते. मी त्या बोलण्याच्या अगदी मधोमध होतो.

मग एका दुपारी वाद झाला. शीतगृह आधी घानातल्या टेमा बंदरात बांधायचे की नामिबियातल्या वॉल्व्हिस बे बंदरात? आवाज चढले. शेवटी नांगोंबेबाई म्हणाल्या, "पुढच्या खेपेला बघू." अदुसेई हो म्हणाले, हात मिळवला. बाई बाहेर पडल्या. अदुसेई मागे राहिले, कागद गोळा केले, आणि जाता जाता सवयीने मला कुशीवर लवंडून गेले.

सकाळी मेमे ताइमी आली. तिकडे आईच्या वयाच्या बाईला मेमे म्हणतात. दालनाची झाडलोट आणि चहापाणी तिच्याकडे होते. मला आडवे पाहून ती दारातच थबकली.

"अगं बाई," ती स्वतःशीच म्हणाली, "लाथाडून गेला की मेला."

तिने मला उचलून उभे केले, फडक्याने पुसले आणि नांगोंबेबाईंना जाऊन सांगितले. बाई येऊन माझ्यापुढे उभ्या राहिल्या. "स्वतःच दिलेली वस्तू अशी लोळवून जातात," त्या म्हणाल्या. "मग त्यांच्या पत्रांना उत्तर तरी कशाला द्यायचं?"

मला तोंड नाही, मित्रांनो. त्या दिवशी असते तर एक वाक्य पुरले असते.

गटाचे काम तिथेच थांबले. मला काचेत ठेवले, खाली 'हात लावू नये' अशी पाटी लावली. विंडहूकची हवा कोरडी. दुसऱ्या हिवाळ्यात माझ्या बैठकीला तडा गेला. दालनात इतर बैठका होत, हसणे ऐकू येई. मी ताठ उभा. रात्रंदिवस कोणाची तरी वाट पाहणाऱ्या माणसासारखा उभा, आणि येणारे कोणी नाही. मेमे ताइमी तेवढी रोज काच पुसायची. तिचे केस माझ्यासमोर पांढरे झाले.

सोळा वर्षांनी घानाचे काही तरुण खासदार आले. गट पुन्हा सुरू करायचा की कायमचा बंद करायचा, हे त्या दिवशी ठरायचे होते. त्यांच्याबरोबर टिपणे घ्यायला आलेली बाई बैठकीआधीच दालनात आली आणि सरळ माझ्यापुढे उभी राहिली. तिच्या अंगावर काळे-तांबडे सुतकाचे कापड होते. मी तिला नजरेवरून ओळखले. अम्मा.

"मेमे, हे उघडता येईल?"

"पाटी वाचलीस ना, पोरी?"

"माझ्या वडिलांनी केलंय ते. पाच आठवड्यांपूर्वी गेले. मी इकडे येणार हे ठरलं होतं तेव्हा म्हणाले होते, त्याच्यावर कोणी बसतं का, तेवढं बघून ये."

ताइमीने किल्ली काढली. "बसणार कोण? तुमच्या साहेबांनी लाथाडलं होतं त्याला. मी डोळ्यांनी पाहिलं. म्हणजे, पडलेलं पाहिलं."

"कसं पडलं होतं?"

ताइमीने हात आडवा करून दाखवला. अम्माने मला बाहेर काढले आणि जमिनीवर कुशीवर ठेवले. "असं?"

"अगदी अस्संच."

मग अम्माने तिला सगळे सांगितले: आग्या सांगायचा ते थकलेल्या मेलेल्या जीवांचे, आणि आडवे करून जाणारा परत येणार असतो हेही.

"म्हणजे तो परत येणार होता?" ताइमी म्हणाली.

"आमच्याकडे म्हणतात, तुम्हीच पत्रांना उत्तर दिलं नाही."

"सोळा वर्षं," ताइमी म्हणाली. "एवढंसं विचारायला माझी काय जीभ झडली होती? चल, बाईंना मी स्वतः सांगते. सांगितलंही मीच होतं."

नांगोंबेबाई आता काठी घेऊन चालतात. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "अदुसेई आहेत का अजून?"

"आहेत. अक्रात असतात, ऐकू कमी येतं," अम्मा म्हणाली.

"मग पत्रच बरं," बाई म्हणाल्या. दुपारच्या बैठकीत गट चालू ठेवायचे ठरले. शीतगृहाचे बंदर अजून ठरलेले नाही.

संध्याकाळी दालन रिकामे झाले, तेव्हा अम्माने ताइमीला माझ्यापाशी आणले. "बसा, मेमे."

"मी? मी चहावाली."

"दिवसभर उभ्या आहात."

ताइमी गुडघा धरून बसली. तडा जरासा कुरकुरला, पण धरून राहिला. सोळा वर्षांनी माझ्यावर माणसाचे वजन आले.

"डुगडुगतंय का?" अम्माने विचारले.

"नाही गं."

निघताना ताइमी मला आडवे करायला वाकली. अम्माने तिचा हात धरला.

"आज राहू द्या उभंच. उद्यापासून करा."

ताइमीने तिच्या सुतकाच्या कापडाकडे पाहिले आणि हात मागे घेतला. दिवा मालवून दोघी गेल्या.

त्या रात्री मी काचेबाहेर एकटा उभा होतो. आह्विआहून विंडहूक फार लांब आहे, आणि म्हातारा नसोवा हळूहळू चालत येणार. मी पहाटेपर्यंत अजिबात हललो नाही.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. एखादी गोष्ट आडवी पडलेली दिसली, तर ती कोणी पाडली हे ठरवण्याआधी ठेवणाऱ्याला विचारा. आमच्यासारख्या जुन्या वस्तूंना काचेत ठेवू नका. आमच्यावर बसा, आणि उठाल तेव्हा आम्हाला आडवे करून जा. म्हणजे तुम्ही परत येणार, हे आम्हाला कळेल.