रिकाम्या गादीला वारा

मी एक जुना उभा पंखा आहे, मित्रांनो. बुऱ्हाणपूरच्या शनवारा भागात केळीच्या वेफर्सचा एक छोटा कारखाना आहे, तिथे माझं सगळं आयुष्य गेलं. बोलताना मी थोडा खडखडतो, तेवढं सोसून घ्या. म्हातारपणी कोण कुरकुरत नाही?

मला घडवलं तेव्हा माझा थाट होता. ओतीव लोखंडाचा पाय, तीन पाती, पुढे चकचकीत जाळी आणि मानेमागे एक खुंटी. ती दाबली की मी डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे मान फिरवत सगळ्यांना वारा घालायचो. त्या खुंटीचा मला फार अभिमान. रघुनाथशेठ मला घ्यायला आले तेव्हा दुकानदारानंही तिचंच कौतुक केलं. शेठनी मान डोलावली, मला कारखान्यात आणलं, आपल्या गादीसमोर उभं केलं आणि माझी मान तारेनं बांधून टाकली.

तेव्हापासून माझं तोंड गादीकडे. शेठ असोत वा नसोत. केळीचे बाग पाहायला ते तुकईथडकडे गेले की दिवसभर फिरकत नसत, आणि मी लोडाला वारा घालत उभा. तसा हुकूम कुणी सोडला नव्हता, कुठे पाटीही नव्हती. शेठ केव्हाही येतील आणि आले की गादी गार हवी, हे सगळ्यांना न सांगता कळत होतं. न सांगता कळलेल्या गोष्टीबद्दल विचारायची मात्र सोय नसते.

माझ्या पाठीमागे बायका कच्ची केळी सोलत बसायच्या. त्यांच्या पलीकडे भट्टी आणि उकळत्या तेलाची कढई. मी त्यांना पाहिलं नव्हतं, नुसतं ऐकलं होतं. सगळ्यांत झपाट्याचा हात होता सविताचा. ती बुधवारा भागातून चालत यायची. नवऱ्याचा कापडाचा लूम बंद पडलेला, घराची चूल तिच्या एकटीच्या कामावर पेटायची. हे ती कुणापासून लपवत नसे.

मे महिन्यातली एक दुपार. तिच्या शेजारी बसणारी म्हातारी मालूबाई म्हणाली, "अवं सविता, मले गरगरून राह्यलं. तेलाचा वास डोक्यात चढून राह्यला."

सविता उठून माझ्यासमोर आली. तिनं रिकाम्या गादीकडे पाहिलं. "हा कोणाले हवा देऊन राह्यला? उशीले?"

बायका खळखळून हसल्या. सवितानं तार सोडली, माझा पाय थोडा फिरवला आणि खुंटी दाबली. माझी मान कुरकुरत वळली, आणि इतक्या वर्षांनी मी त्या बायकांची तोंडं पाहिली. घामानं निथळलेली, हसणारी. मालूबाईनं डोळे मिटून घेतले. मला आनंद झाला, मित्रांनो. गादीचा वाटाही मी बुडवला नाही, फिरून फिरून तिकडेही वारा देत होतो.

तेवढ्यात शेठ आले. गादीवर बसले. वारा त्यांच्याकडे गेला, निघून आला, पुन्हा गेला. त्यांनी कपाळ पुसलं, माझ्याकडे पाहिलं. बायकांचं हसणं थांबलं. सविता खाली मान घालून केळी सोलत राहिली.

संध्याकाळी ललित आला. हा शेठचा भाचा आणि कारखान्याचा मुकादम.

"सविता, उद्यापासून नको येऊ."

"काहून?"

"काम कम चालू आहे सध्या."

"कम? बाहेर केळीचे ढीग पडेल हायेत!" मग तिचा आवाज खाली आला. "पंख्याच्यानं का, ललितभाऊ? तसं सांगा ना. मी शेठची माफी मागतो."

"पंख्याचं कोण बोललं? मी तर बोललोच नाही."

आता माफी मागायची तरी कशाची? तिनं बायकांकडे पाहिलं. तिथे आळीमिळी गुपचिळी. मालूबाईची नजर हातातल्या केळावरून हलली नाही. सवितानं हाताचा चीक तेलानं पुसला आणि ती निघून गेली.

मला वाईट वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही. सकाळी ललितनं माझं तोंड गादीकडे करून दुहेरी तार गुंडाळली, कुणीतरी बटण दाबलं, मी फिरू लागलो.

पुढे शेठच्या मुलानं, योगेंद्रनं, शेठसाठी काचेची गार खोली बांधली. गरज सरो नि वैद्य मरो. माझी तार काढून मला बायकांच्या कोपऱ्यात ढकललं. मालूबाईनं काम सोडलं होतं. आणि एक दिवस सविता परत आली. कितीतरी दारं हिंडून, ललितच्या विनवण्या करून आली होती. "आता काम आहे," एवढंच तो म्हणाला.

ती जागेवर बसली. माझा वारा तिच्या अंगावर गेला तसा तिचा हात थांबला. तिनं इकडेतिकडे पाहिलं. शेठ काचेआड, जुनी गादी रिकामी. ती उठली, खुंटी वर ओढून माझी मान थांबवली आणि माझं तोंड गादीकडे वळवून ठेवलं.

"मावशी, इकडे कर ना त्याले," विमल नावाची नवी पोरगी म्हणाली. "किती गरम होऊन राह्यलं!"

"राहू दे. मले नाही होत गरम."

मित्रांनो, पंख्याला वेळेवर तेल द्या, जाळीवरची धूळ पुसा. आणि उद्या तुमच्या हाताखाली माणसं आली, तर तुमचे नियम तोंडानं सांगा, म्हणजे कुणाला 'का' म्हणून विचारता तरी येईल. शनवाऱ्यात आलात तर सविताला सांगा, की तार कधीच सुटली आहे. मला ते सांगता येत नाही. माझी तिच्याकडे पाठ आहे.