बाकावरची चौकशी

नदीकाठच्या बागेत संध्याकाळी बायकांची बैठक जमे, आणि त्या भागातली लग्नं खरं तर तिथेच ठरत किंवा मोडत. चौकशीला आलेलं माणूस ओळख न देता बाकावर टेकायचं, आधी हवापाण्याचं बोलायचं आणि मग हळूच विचारायचं, अमक्यांचं घर कसं आहे हो? सगळ्यांना कळायचं, पण कळलं असं कुणी दाखवायचं नाही.

याच बाकावर थोरल्या जावेने एका चौकशीवालीला सांगितलं होतं, की धाकटीच्या लेकीला फिट येतात. पोरगी एकदा उपाशीपोटी चक्कर येऊन पडली होती, एवढंच. ठरत आलेलं लग्न मोडलं, गावभर बोभाटा झाला, पुन्हा एक स्थळ फिरकलं नाही. धाकटी भांडली नाही. तिने डूख धरला आणि रोज बागेत येऊन बसू लागली. थोरलीलाही मुलगा होता. आज ना उद्या त्याचीही चौकशी निघणारच होती.

अखेर एक बाई आली. पर्स छातीशी धरलेली, नजर भिरभिरती. मुलीची आई कधी लपते का? ती थेट धाकटीशेजारीच बसली. गुडघ्याने हैराण झालेली थोरली नेमकी त्या दिवशी घरी होती. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर बाईने थोरलीच्या मुलाचा विषय काढला.

धाकटीने दारू, जुगार असं बरंच काही तयार ठेवलं होतं. ऐनवेळी तिला त्याहून नामी सुचलं. तिने लांब सुस्कारा सोडला.

"मला नका विचारू. मी पडले घरचीच."

बाईचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हणजे काय हो?"

धाकटीने नुसता तिच्या हातावर हात ठेवला. बाई उठली ती तरातरा फाटकाबाहेर.

धाकटीचा जीव असा थंडावला म्हणता! थोरलीचं तोंड कसं उतरेल, ते ती चवीने मनात रंगवत बसली.

तेवढ्यात पुतण्या धापा टाकत आला आणि बाईच्या जागेवर बसला.

"काकू, त्या येऊन गेल्या ना? मीच त्यांच्या मुलीला सांगितलं, आईला माझ्या काकूशेजारी बसव म्हणून. आमच्या आईने ताईचं वाटोळं केलं, तरी तू ब्र काढला नाहीस. तुझ्या तोंडून कुणाचं वाईट निघणार नाही, हे मला ठाऊक होतं." तो लाजून हसला. "काय सांगितलंस माझ्याबद्दल?"

"काहीच नाही रे," धाकटी म्हणाली.