तारखेवरचं कुंकू

सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. हेमांगीने पदराने माझी काच पुसली आणि खाली लिहिलेलं वाचलं. तिथूनच सगळं सुरू झालं.

मी नोंदणीचा दाखला बोलतोय. आचोळ्याला एका इमारतीच्या तळमजल्यावर फेलिशिया मॅडमचा दवाखाना आहे, तिथल्या भिंतीवर मी होतो. या बाई ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहेत, राज्याच्या परिषदेत त्यांची नोंद आहे, असं माझ्यावर लिहिलंय. घास उचलणं, बटण लावणं, पेन्सिल धरणं ज्या हातांना जमत नाही, त्यांना त्या शिकवतात. माझ्या खालच्या कोपऱ्यात एक तारीख आहे. तेवढंच माझं आयुष्य. त्याआधी नवीन काय शिकलात त्याचे कागद जोडून अर्ज करायचा, तर पुढचा जन्म मिळतो.

मी आलो तेव्हा केवढं कौतुक! चौकट काय, पेढे काय! मग मला कोणी वाचेना. माणसांची रीतच ती, कागद भिंतीवर गेला की वाचायचा संपला. फक्त झाडलोट करणारी जयवंती मावशी मला विसरायची नाही.

"मॅडम, तुमचं हत्यार हेच ना? दसरा आहे, कुंकू लावते," म्हणायची.

मॅडम ख्रिस्ती, पण हसून म्हणायच्या, "लाव गो मावशी. आशीर्वाद कोणाला नको?"

मावशी ठेंगणी. टाचा उंचावून तिचा हात पोचायचा तो माझ्या खालच्या कोपऱ्यापर्यंतच. पाण्यात कालवलेलं चार दसऱ्यांचं कुंकू नेमकं तारखेवर बसलं. एवढी पूजा झाली, पण कुंकवाखाली माझे दिवस भरले ते कोणाला दिसलंच नाही.

हेमांगी होळी गावातल्या भाजीवाडीची सून. तिची रीमा पाच वर्षांची. जन्मली तेव्हा उशिरा रडली, तेव्हापासून बोटं मुठीतच. दोन वर्षं हेमांगी तिला मंगळवारी, शुक्रवारी घेऊन यायची. आता कुठे पोरगी चमचा धरायला लागली होती. शाळेने सांगितलं होतं, मॅडमचं पत्र आणा, खाली नोंदणीचा नंबर पाहिजे, मग हिला वेगळी खुर्ची देऊ, लिहायला जास्त वेळ देऊ. मुदत महिनाअखेरची.

मॅडम दुसऱ्या मुलाजवळ होत्या. "नंबर भिंतीवर आहे, उतरवून घे," म्हणाल्या. नंबर तारखेशेजारीच, म्हणून हेमांगीने कुंकू पुसलं. सातवीपर्यंत शिकलेली, पण आकडे पक्के. तारीख तीन महिन्यांपूर्वीची! तिने बोटांवर महिने मोजले, परत मोजले. नंबर न लिहिताच घरी गेली.

तीन दिवस तिला घास गोड लागला नाही. नवरा हितेश म्हणाला, "गप बस. विचारशील नि त्या रागावतील. मग पोरीला कुठं नेणार?" तेही खरंच. पण शाळेने पत्र परत केलं तर? आणि मॅडम खऱ्याच आहेत ना? दोन वर्षं आपण कोणाच्या हातात लेक दिली? असं मनात आलं नि तिची तिलाच लाज वाटली.

शुक्रवारी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तारखेवर बोट ठेवलं.

"मॅडम, रागावू नका हां. ही तारीख... गेली ना?"

मावशी मध्येच म्हणाली, "अगं, पुसलंस कशाला? मी लावलेलं कुंकू!"

मॅडमनी चष्मा लावला, मला वाचलं, आणि खुर्चीत बसल्या. शिकल्याचे कागद खणात तसेच होते, अर्ज तेवढा उद्यावर राहिला होता. "चूक माझीच," त्या म्हणाल्या. "नवीन दाखला येईपर्यंत मी कोणाला हात लावणार नाही. पत्रही देणार नाही."

हेमांगीचे डोळे भरले. "म्हणजे मीच बंद पाडलं?"

"नाही गो. तू वाचवलंस. घरी आधी दिलेला अभ्यास सोडू नकोस."

पण तिला वाटायचं, आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला. एकोणीस दिवस दवाखाना बंद. त्या दिवसांत ती रीमाला वाडीत घेऊन बसायची. कपड्याचे चिमटे उघड, मिट. मेथीचं एक एक पान खुड. बोटं पुन्हा मुठीत गेली तर? रात्री निजलेल्या पोरीची मूठ उघडून बघायची.

मुदतीला दोन दिवस राहिले, तेव्हा नवा दाखला आला. मॅडमनी मला काढलं, पण टाकलं नाही. त्याच चौकटीत मी आता नव्याच्या पाठीमागे आहे. उजेड दिसत नाही, ऐकू येतं. मॅडमनी पहिलं पत्र रीमाचं लिहिलं, नंबर टाकून. मग मावशी कुंकवाची वाटी घेऊन आली, तर हेमांगी ओरडली, "थांब मावशी! तारखेवर नको! आज रीमा लावेल."

तिने लेकीला उचलून वर धरलं. वाटी चौकटीला खणकन लागली. मावशी म्हणाली, "अगो बाय! कुंकू चिमटीत धरलंन बघ!"

काचेवर वर, अगदी वर, एक बारीक बोट टेकलं. मला ते पाठीमागून कळलं.

माझं एवढंच मागणं आहे. तुमचं लेकरू ज्यांच्या हातात देता, त्यांच्या भिंतीवरची तारीख वाचा. विचारायला लाजू नका, चांगलं माणूस रागावत नाही. आणि शेजारणीला सांगा, शाळेच्या फाटकावर उभ्या असलेल्या आयांना सांगा. माझ्यावर आता नवा दाखला आहे, माझा आवाज लांब जात नाही. तुमचा जाईल.