इनालुकचा दगडी दिवा

मी दगडी दिवा बोलतोय. ना डौल, ना नक्षी. मऊ दगडात कोरलेला पसरट खोलगा, एवढंच माझं रूप. पण उगाच नम्रता कशाला? उत्तर टोकाच्या आमच्या बर्फाळ किनाऱ्यावर हिवाळ्यात सूर्य महिनोन्‌महिने तोंड दाखवत नाही. तेव्हा घरात उजेड माझा, ऊब माझी, आणि भांड्यातलं मांस शिजायचं तेही माझ्याच जिवावर.

मला एका शिकाऱ्याने आपल्या बायकोसाठी कोरलं. तिचं नाव इनालुक. सीलची चरबी ठेचून ती माझ्यात घालायची, काठावर सुक्या शेवाळाची वात पसरायची आणि काडीने सारखी करत बसायची. वात धुरकटली की बोलणी मलाच. म्हातारपणी एका हिवाळ्यात ती खोकून खोकून गेली. आमच्याकडे माणूस गेलं की ते घर सोडतात. मला तिच्यासाठी तिथेच ठेवलं. पुढे छप्पर खचलं आणि मी मातीखाली गेलो. अंधाराचं काही वाटत नव्हतं, पण विझून पडणं जिवावर यायचं.

तीसेक वर्षांनी डोक्यावर खरवडल्याचा आवाज आला. आक्सेल नावाचा संशोधक दक्षिणेकडून जहाजाने आला होता, जुनी घरं उकरायला. गोठलेली जमीन उन्हाने बोटभर सुटेल तेवढीच खरवडायची आणि पुढच्या उन्हाची वाट बघायची, असं त्याचं काम.

"एवढ्यात मी दोन सील मारून आणले असते," खड्ड्याच्या काठावरून म्हातारा माजाक म्हणाला. तो इनालुकचा मुलगा. मी मातीतून वर आलो तसा तो खड्ड्यावर वाकला. मग मागे वळून त्याने हाक मारली, "आई, तुझा दिवा सापडला गं."

आई म्हणजे तिशीची एक बाई. आक्सेलच्या मोहिमेतल्या लोकांचे कातडी बूट शिवून द्यायची. म्हातारी गेली त्याच वर्षी ही जन्मली, म्हणून इनालुक हे नाव हिला दिलं. आमच्याकडे नाव आलं की माणूसच परत आलं.

"पण याची मालकीण तर मेली ना?" आक्सेलने विचारलं.

"मेली कुठे?" माजाक म्हणाला. "सकाळीच माझ्यावर ओरडली, बूट ओले केलेस म्हणून."

आक्सेल हसला नाही. जहाज दोन दिवसांत निघणार होतं. तो इनालुकसमोर उकिडवा बसला. "मला हा नेऊ देशील? आमच्याकडे असा एकही नाही."

पाहुण्याने तोंड उघडून मागितलेलं नाकारायला आमच्या माणसांना लाज वाटते. ती बराच वेळ माझ्या काठावरून अंगठा फिरवत राहिली. नाही म्हण बाई, असं मला ओरडावंसं वाटत होतं.

"पेटवणार असशील तर ने," ती म्हणाली. "वस्तू वापरेल त्याची. नाही पेटवलास तर माझा मला परत आण."

"पेटवीन."

तिने त्याला वातीसाठी ओंजळभर शेवाळ बांधून दिलं. "चरबीचं तुझं तू बघ."

आता मी एका मोठ्या शहराच्या संग्रहालयात, काचेच्या पेटीत आहे. माझी काजळी घासून काढली, ते शेवाळही शेजारी मांडून ठेवलंय. या इमारतीत आग लावायला बंदी आहे. आक्सेल लबाड नव्हता. त्याने वरिष्ठांना विचारलं, ते हसले. म्हातारपणीही तो काठी टेकत यायचा आणि हळूच म्हणायचा, "पुढच्या वर्षी बघू." मग तोही यायचा थांबला.

तुम्ही काचेला नाक लावून बघता नि पुढे जाता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. एकच मागणं आहे. बूट शिवणारी इनालुकही आता गेली असणार, पण नाव कुणाला तरी दिलंच असेल. त्या किनाऱ्यावर कधी गेलात तर विचारा, सध्या इनालुक कोण आहे. पाच वर्षांची पोर निघाली तरी चालेल. तिच्यासमोर उकिडवे बसा आणि सांगा, पाहुण्याने दिवा पेटवला नाही, तेव्हा तो तुझाच आहे.